दलाल : विदुर कीं पुरोचन?

वढू बुद्रुक येथें संभाजी महाराजांच्या समाधीचें दर्शन घेण्यास येणाऱ्या मंडळींना अलीकडे वाटेवर एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. पुण्याहून अहिल्यानगराकडे जाणारा हमरस्ता कोरेगांव भीमा येथें सोडून गांवाकडे वळावें, तों पाट्या लागतात. कोठें 'एन. ए. प्लॉट', कोठें 'सुलभ हप्ते', कोठें 'निसर्गाच्या कुशींत हक्काचें घर'. पाटीच्या मागें पाहावें तर चुन्याच्या रेघा मारलेलें मोकळें रान, आणि त्या रानाच्या अंगाला अंग लावून उभा असलेला ऊस. भीमेच्या पाण्यावर पोसलेला हा ऊस श्रावणांत पाहणाराचे डोळे निववितो. फाल्गुनांत तोच ऊस कसा दिसतो, हें पाटीवर लिहिलेलें नसतें.

हा लेख लिहिण्यास निमित्त झालें तें आमच्याच घरचें. माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास तिसऱ्या मजल्यावर राहतात. आईबाप, दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि तीन मुलें अशीं नऊ माणसें तीन खोल्यांत. अंगण असलेलें घर असावें, देवघराला पूर्वेचें ऊन यावें, मुलांना पळावयास जागा व्हावी, ही इच्छा घरांत पुष्कळ वर्षांची. त्यासाठीं बंधूंच्या निवृत्तीची सारी रक्कम आणि भावजयीनें मोडावयास काढलेल्या पाटल्या एवढें भांडवल जमलें होतें. पुन्हां जमण्यासारखें तें नव्हतें. गेल्या श्रावणांत एका रविवारीं ही मंडळी जागा पाहावयास आमच्याकडे उतरली.

जागा दाखविणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. शाळेंत असतांना गणितांत कच्चा पण बोलण्यांत पक्का. तेव्हां तो या धंद्यांत पडला यांत नवल नाहीं. त्यानें प्लॉट दाखविला. पश्चिमेच्या हद्दीला पुरुषभर उंचीचा ऊस सळसळत होता, वारा गार होता, मातींत पाय रुतत होते. सूनबाईंनीं विचारलें, "इकडे साप निघतात का हो?" धाकटीनें बिबट्याची चौकशी केली. पुतण्यानें पाण्याची, विजेची, सातबाराची आणि भावाची विचारपूस केली. सगळ्या प्रश्नांना चटचट उत्तरें मिळालीं. आगीविषयीं कोणी विचारलें नाहीं आणि कोणी सांगितलें नाहीं. भिजलेल्या रानांत उभें राहून आगीची आठवण कोणाला होणार?

रात्रीं जेवणें झाल्यावर तो एकटाच पुन्हां आला व ओटीवर बसला. म्हणाला, "गुरुजी, दुपारीं एक गोष्ट तोंडावर आली होती, पण बाहेर पडली नाहीं." मग त्यानें हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वीं अशाच उसाकडेचा एक प्लॉट त्यानें एका नोकरदार गृहस्थांना विकून दिला. त्यांनीं बांधकाम काढलें. फाल्गुनांत एके दुपारीं विजेच्या झोळ पडलेल्या तारा वाऱ्यानें एकमेकींस लागल्या, ठिणगी वाळल्या उसांत पडली, आणि अर्ध्या तासांत आग हद्दीवर आली. दाराखिडक्यांचें आणून ठेवलेलें लाकूड, परातीच्या फळ्या, एक दुचाकी, सारें जळालें. घरच्या आजीबाई त्या दिवशीं बांधकाम पाहावयास आल्या होत्या. दम्याच्या बाई, त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यावर न्यावें लागलें. जीव कोणाचा गेला नाहीं. गृहस्थांनीं तक्रार केली नाहीं कीं शिवी दिली नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तुम्हांला हें ठाऊक होतें का?"

"मग आज कां बोलला नाहींस?" मीं विचारलें.

"गुरुजी, मी सांगितलें तर गिऱ्हाईक जातें, आणि पलीकडचा दलाल न सांगतां त्याच रानांतला पुढचा प्लॉट विकून मोकळा होतो. मग माझ्या पोरांची फी कोण भरणार?"

प्रश्न खोटा नव्हता. 'सत्याचाच अखेर जय होतो' असें सांगून त्याची बोळवण करणें मला सोपें होतें. परंतु चाळीस वर्षें मुलांना तें सांगून झाल्यावर, ज्याच्या घरची चूल सत्यानें विझण्याचा संभव आहे त्याला तें कसें सांगावें, हा विचार पडला.

आधीं उसाच्या आगीचें स्वरूप पाहूं. शहरांतल्या वाचकांना त्याची कल्पना नसते. सुरूचा ऊस बारा महिने, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने आणि आडसाली सोळा ते अठरा महिने रानांत उभा असतो. वाढ होत असतां खालचीं पानें वाळत जातात. वरून हिरवा दिसणारा ऊस कमरेखालीं कोरडा झालेला असतो. तोडणी झाली कीं हेक्टरीं ८ ते १० टन पाचट रानांत पडतें. तें जाळूं नये, कुजवून जमिनीस द्यावें, असें कृषिविद्यापीठें सांगत आलीं आहेत, आणि तें ऐकणारे शेतकरीहि पुष्कळ झाले आहेत. तरी सरी मोकळी करावयाच्या घाईनें काडी लावणारे अजून आहेत. त्यांत फाल्गुन-चैत्रांतलें ऊन आणि दुपारचा बहुधा पश्चिमेकडून येणारा वारा. बंब गांवांत नसतो. तो दुरून यावयाचा, आणि पाणंद अरुंद असली तर वळणावरच अडावयाचा.

आग भिंतीसारखी चालून येते आणि तिच्या ज्वाळा घराला लागतात, अशी आपली समजूत असते. पुष्कळदां घडतें तें निराळें. वाऱ्यावर उडालेले निखारे पुढें जाऊन पडतात. कोठें छपराखालच्या फटींत, कोठें भिंतीशीं रचलेल्या सरपणांत, कोठें वाळत घातलेल्या गोधडीवर. घर आंतून पेटतें, आणि बाहेरची आग तोंवर विझलेलीहि असते. मुळशी-लोणावळ्याकडे डोंगरउतारावर बंगल्यासाठीं जागा घेणारांनीं तर आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी, कीं वणवा चढावर अधिक वेगानें धांवतो. उतारावरून देखावा उत्तम दिसतो हें खरें. आगीलाहि ती वाट तितकीच सोयीची असते.

त्याच आठवड्यांत माझ्या कन्येशीं दूरध्वनीवर बोलणें झालें. ती व जांवई कॅलिफोर्नियांत असतात. तेथें घर घेतांना त्यांना काय सांगण्यांत आलें होतें, हें मीं मुद्दाम विचारलें. तिच्या घरच्या दलालबाईंनीं पहिल्याच आठवड्यांत एक जाडजूड बाड हातीं ठेवलें होतें. त्या राज्यांत १९९८ पासून असा कायदा आहे, कीं विकणारानें आणि त्याच्या दलालानें, जागा पुराच्या पट्ट्यांत, धरण फुटल्यास बुडणाऱ्या प्रदेशांत, भूकंपाच्या भेगेवर किंवा वणव्याच्या अति धोक्याच्या क्षेत्रांत येते कीं काय, हें ठरीव नमुन्यावर लिहून द्यावें. देकार मान्य झाल्यानंतर तो कागद मिळाला, तर हातीं आल्यापासून तीन दिवसांत, टपालानें आला असल्यास पांच दिवसांत, व्यवहार मोडण्याची खरेदीदारास मुभा. २०१९ सालच्या दुसऱ्या एका कायद्यानें धोक्याच्या क्षेत्रांतील घर विकतांना भोंवतालचें गवत-झुडूप नियमाप्रमाणें काढलें आहे कीं नाहीं, याचा दाखलाहि, २०२१ च्या जुलैपासून, आवश्यक केला.

"मग घाबरला नाहींत?" मीं विचारलें. ती म्हणाली, "बाबा, बाडानें घाबरलों. पण बाई स्वतः घराभोंवतीं फिरल्या. भिंतीपासून पांच फुटांत लांकूड-पालापाचोळा कांहीं ठेवूं नका, झरोक्यांना बारीक तारेची जाळी बसवा, आणि सही करण्यापूर्वीं विमा कोण देतो व केवढ्याला तें विचारा, असें त्यांनीं सांगितलें. मग भीति जाऊन कामांची यादी उरली."

तिकडे सगळें आलबेल आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. ७ जानेवारी २०२५ रोजीं लॉस एंजेलिसच्या परिसरांत ज्या आगी भडकल्या, त्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि ३१ माणसें गेलीं. नकाशावर ज्यांना अति धोक्याचें म्हटलें नव्हतें, अशा वस्त्याहि त्यांत जळाल्या. म्हणजे 'नकाशांत नाहीं, म्हणजे धोका नाहीं' हें दलालानें म्हणणें तिकडेहि खोटेंच. आणि किंमत उतरेल ही धास्ती तिकडच्यांनाहि आहे. शेजारच्या ऑरेगॉन राज्यानें २०२२ सालीं वणव्याच्या धोक्याचा घरवार नकाशा प्रसिद्ध केला. लोकांनीं एवढा गिल्ला केला कीं कांहीं आठवड्यांतच तो मागें घ्यावा लागला, आणि सुधारून काढलेला नकाशाहि २०२५ सालीं कायद्यानेंच रद्द झाला. माझ्या विद्यार्थ्याला मीं हें सांगितलें, तेव्हां त्याला थोडें हायसें वाटलें असावें. आपला भित्रेपणा अमेरिकेंतहि चालतो, हें ऐकून कोणालाहि बरें वाटतें.

मला मात्र त्या रात्रीं आदिपर्वांतलें जतुगृह आठवत होतें. पांडव वारणावतास पोंचण्याआधींच पुरोचन पुढें गेला आणि शण, राळ, तूप, तेल, लाख यांनीं त्यानें घर उभारलें. दहा रात्री पांडवांना दुसरीकडे उतरवून मग त्यानें तें दाखविलें. त्या घराचें नांव काय होतें, तर 'शिव'! नव्या वसाहतींच्या कमानींवरचीं गोंडस नांवें वाचतांना मला हें नांव हटकून आठवतें. युधिष्ठिरानें आंत शिरतांच तुपाचा, चरबीचा आणि लाखेचा वास ओळखला. त्याचें नाक इतकें जागें होतें, कारण हस्तिनापुराहून निघतांनाच विदुरानें त्याला सावध केलें होतें.

आतां विदुरानें काय केलें आणि काय केलें नाहीं, तें पाहावें. त्यानें सूचना दिली ती घरांत पाऊल पडण्यापूर्वीं. शिवाय नुसता धोका सांगून तो स्वस्थ बसला नाहीं. मागाहून त्यानें एक खनक पाठविला, आणि त्या खनकानें घरांतून बाहेर जाणारें भुयार खणलें. भय आणि भुयार हीं दोन्ही त्यानें दिलीं. एक उणीव मात्र राहिली. तो बोलला गूढ भाषेंत. युधिष्ठिर समजला, कुंतीला मागाहून लेकाला विचारावें लागलें, कीं विदुर म्हणाला तरी काय? विदुराला निरुपाय होता, भोंवतीं शत्रूचीं माणसें होतीं. आमच्या दलालाला तसा कांहींएक निरुपाय नसतां, 'थोडी काळजी घ्यावी लागते', 'तसा प्रॉब्लेम कांहीं नाहीं' अशा गूढ भाषेंत तो बोलतो, आणि घरांतल्या कुंतीला, म्हणजे जी बाई त्या घरांत दिवसभर राहणार तिला, तेवढेंहि सांगत नाहीं.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला मीं जें सांगितलें, तें यांतूनच निघालें. पहिली गोष्ट वेळेची. इसार हातीं पडण्यापूर्वीं सांग. इसार दिल्यावर सांगितलेलें सत्य हें सत्य नव्हे, ती आपली सुटका असते. दुसरी जागेची. कार्यालयांत पंख्याखालीं बसून आग सांगूं नकोस. हद्दीवर घेऊन जा, वारा कोणीकडून येतो तें दाखव, तार कोठून जाते तें दाखव, बंब कोणत्या वाटेनें येईल ती वाट चालून दाखव. आणि घरांतील बायका व वडील मंडळी बरोबर असतील तेव्हांच दाखव. एकट्या कर्त्या पुरुषाला सांगितलें तर तो घरीं जाऊन त्यांतलें अर्धें गाळतो, हा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि येथें त्याचें कच्चें गणित मध्यें आलें. तो म्हणाला, "गुरुजी, शंभरांत एकदां होणारी गोष्ट, ती सांगून उगाच कां भिववावें?" मीं त्याला पाटी आणावयास सांगितली. समजा, एखाद्या ठिकाणीं दरसाल शंभरांत एक एवढाच संभव आहे. मनुष्य घर एका वर्षासाठीं घेतो काय? कर्जच तीस वर्षांचें असतें. एक साल सुखरूप जाण्याचा संभव शंभरांत ९९. तो तीस वेळां स्वतःशीं गुणला, तर उरतात सुमारें ७४. म्हणजे तीस वर्षांत एकदां तरी संकट येण्याचा संभव शंभरांत सुमारें २६, चौघांत एकाहून किंचित् अधिक. तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. पण हें गणित गिऱ्हाइकाला ऐकवूं नकोस, असेंहि मीं त्याला बजावलें; कारण त्या रानांतला खरा आंकडा ना त्याला ठाऊक, ना मला. त्याला ठाऊक आहे तें एवढेंच, कीं अमक्या सालीं अमक्या महिन्यांत हा ऊस पेटला, आणि आग त्या बाभळीपर्यंत आली. तेवढें सांगावें. 'कधीं कांहीं होत नाहीं' हें जसें खोटें, तसेंच 'येथें घर बांधाल तर जळून जाल' हेंहि खोटें.

आणि सर्वांत महत्त्वाचें तें भुयार. पश्चिमेच्या हद्दीलगत निदान दहा-बारा फुटांचा पट्टा उघडा ठेवून तो दर माघांत खुरपून घ्यावा. पाण्याची टांकी त्याच अंगाला बांधावी आणि तिला मोठ्या तोंडाची तोटी ठेवावी. छपराच्या फटी बुजवाव्या. सरपण आणि गॅसच्या टाक्या उसाच्या बाजूस ठेवूं नयेत. झोळ पडलेल्या तारेविषयीं वीजकंपनीकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोंच जपावी. ऊसवाल्या शेजाऱ्याची ओळख तर घर बांधण्यापूर्वींच करून घ्यावी. पाचट पेटवावयाचें झालेंच, तर आदल्या दिवशीं सांगण्याइतका शेजारधर्म बहुतेक शेतकऱ्यांत असतो. मात्र शेजारी कोण आहे हेंच ठाऊक नसेल, तर तो सांगणार कोणाला?

जें दलालाला कळत नाहीं, तें त्यानें कळतें असें दाखवूं नये. कोठें विचारावें तेवढें सांगावें. उदाहरणार्थ, शेजारच्या गटाचा सातबारा. गांव नमुना बारांत कोणत्या सालीं कोणतें पीक होतें याची नोंद असते. चार-पांच वर्षांचे उतारे पाहिले, कीं शेजारीं कायमचा ऊस आहे कीं पालटून ज्वारी-हरभरा होतो, हें आपोआप समजतें. विकत घ्यावयाच्या जागेचा उतारा सगळेच पाहतात. शेजाऱ्याचा पाहणारा मला अद्याप भेटलेला नाहीं.

कायदा काय म्हणतो, असें कोणी विचारील. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें विकणाराला माहीत असलेला, घेणाराला माहीत नसलेला, आणि साधारण सावधगिरीनें त्याला कळूं न शकणारा असा महत्त्वाचा दोष सांगणें विकणारावर बंधनकारक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें दलालांना नोंदणी लावली, खोटें विधान करण्यास मनाई केली आणि प्रकल्पाची सर्व माहिती व कागद गिऱ्हाइकाला मिळवून देण्याचें काम त्यांच्यावर टाकलें. महाराष्ट्रांत तर २०२३ पासून त्यांच्यासाठीं प्रशिक्षण व परीक्षाहि आली. परंतु पाचशें चौरस मीटरांपर्यंतच्या लहान जमिनींवरील प्रकल्पांना या कायद्याखालीं नोंदणी लागत नाहीं. शिवाय जुन्या कलमांतली मेख अशी, कीं ऊस हा कांहीं लपलेला दोष नव्हे. तो डोळ्यांपुढें उभा असतो. 'तुम्हांला दिसत नव्हता काय?' असें विकणारा विचारूं शकतो. ऊस दिसतो; उसांतली आग पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर जन्म घालविलेल्या माणसाला दिसत नाहीं. कायदा संपतो तेथून पुढची ही एवढीशी जागा, आणि तीत बोलणारा माणूस दलालच.

येथें आपणां गिऱ्हाइकांचीहि कानउघाडणी केली पाहिजे. अप्रिय पण हिताचें बोलणारा आपल्याला खरोखर हवा असतो काय? वनपर्वांत धृतराष्ट्रानें स्पष्ट बोलल्याबद्दल विदुराला हांकलून दिलें, आणि मग करमेना म्हणून परत बोलाविलें. आपण बोलावीतहि नाहीं. एखाद्या दलालानें जागेंतली खोड सांगितली, कीं 'याला विकायचीच नाहीं' किंवा 'शेजारचा प्लॉट खपविण्यासाठीं हा असें बोलतो' असा तर्क लढवून आपण गोड बोलणाराकडे जातों. घरांत मुलीचें स्थळ पाहतांना दहा ठिकाणीं चौकशी करणारे आपण, जन्माची पुंजी घालतांना मात्र कोणी कांहीं वाईट बोलूं नये अशी अपेक्षा करितों.

पुतण्याला मीं सर्व सांगितलें. तो थोडा रागावलाच. "काका, आतां सांगतां? सगळ्यांचें मन बसलें आहे." सूनबाई मात्र शांतपणें म्हणाल्या, "मग चैत्रांत पुन्हां पाहूं. जागा कोठें पळते आहे?" भाव वाढेल, दुसरा कोणी घेईल, हें सारें दलालानें नव्हे तर पुतण्यानेंच त्यांना ऐकविलें. त्या बधल्या नाहींत.

चैत्रांत आम्ही पुन्हां गेलों. तेंच रान, पण ओळखूं येईना. शेजारचा ऊस तुटून गेला होता, आणि अर्ध्या रानांत पाचट जाळल्याचा काळा पट्टा हद्दीच्या दगडापर्यंत आलेला. दगडाची एक बाजू धुरकटली होती. माझ्या विद्यार्थ्यानें या वेळीं एक वही आणली होती. तींत त्यानें आग कोणत्या साली, कोणत्या महिन्यांत, कोणीकडून आली हें आसपासच्या शेतकऱ्यांना विचारून लिहिलें होतें. अक्षर शाळेंत होतें तसेंच गचाळ. त्यानें तें सूनबाईंपुढें धरून वाचून दाखविलें, आणि तारेखालून चालत चालत पाणंदीच्या तोंडापर्यंत सर्वांना नेलें. माझी भावजय उन्हाची थकून मध्येंच बसली. पण ऐकत होती.

जागा घेतली. पहिली नव्हे, त्याच वसाहतीच्या पूर्वेकडची, रुंद रस्त्यावरची, जिच्या आणि उसाच्या मध्यें आणखी दोन प्लॉट आहेत. ती थोडी महाग पडली, म्हणून वरचा मजला पुढें केव्हां तरी. इसाराच्या कागदावर पश्चिमेच्या उसाची आणि तारेची नोंद पुतण्यानें आग्रहानें घालविली. विकणारानें आधीं कुरकुर केली, मग सही केली.

परवां माझा विद्यार्थी पुन्हां ओटीवर येऊन बसला होता. त्या पश्चिमेकडच्या प्लॉटासाठीं चाकणहून एक गिऱ्हाईक आलें होतें. त्यानें वही काढली, हद्दीवर नेलें, सारें सांगितलें. गिऱ्हाइकानें शांतपणें ऐकून घेतलें, आभार मानले, आणि संध्याकाळीं पलीकडच्या दलालाकडून त्याच ओळींतला प्लॉट घेतला. "आतां काय करूं, गुरुजी?" म्हणाला. मीं त्याला चहा दिला. वही त्याच्या खिशांतच होती.